लिंडसे ट्रेलोरने थांबवलेली तोफ

बाबांना दफन करून आम्ही चर्चच्या हॉलवर परतलो, तेव्हा क्लॅरीकाका दाराजवळ मांडीवर बशी घेऊन खिमा भरलेली पेस्टी खात बसले होते. वय पंच्याऐंशी. ॲडलेडहून एकटेच बसने आले होते. बाबा आणि ते युद्धात एकाच तोफेवर होते, एवढंच मला ठाऊक होतं. बाबा त्या तोफेबद्दल बोलत नसत. फारच विचारलं तर म्हणत, "जड होती."

"जड होतीच," क्लॅरीकाका म्हणाले. "पण त्यानं ती थांबवली होती, हे नाही सांगितलं?"

"नाही."

"गाढव लेकाचा," ते म्हणाले आणि बशी खाली ठेवली.

साल त्रेचाळीस, न्यू गिनीचा डोंगर. तोफ एकच. तिचे भाग सुटे करून, दोर लावून त्यांनी ती चिखलातून वर ओढली होती. सार्जंट मॅक्रे प्रमुख, क्लॅरीकाका नेम धरणारे, आणि गोळे वाहून आणणाऱ्यांत सगळ्यात लहान माझे बाबा, एकोणीस वर्षांचे. समोरच्या कड्यावर आपलं पायदळ खंदकात होतं आणि जपानी त्यांच्यापासून शंभर पावलांवर. तोफेपाशी उभं राहून यातलं काहीच दिसत नसे. मध्ये जंगल आणि ढग. कड्यावरचा अधिकारी टेलिफोनवर आकडे सांगायचा. तोफेपुढे जमिनीत एकामागे एक असे दोन लाल-पांढरे खांब रोवलेले असत. त्या खांबांवर दुर्बीण धरून ते आकडे तोफेला लावायचे. खांब हलला की नेम हलला.

"म्हणून खांबाला हात लावायचा नाही, हा पहिला नियम," क्लॅरीकाका म्हणाले. "दुसरा नियम असा की धोका दिसला तर कोणीही 'थांबा' म्हणावं. अगदी आचाऱ्यानंसुद्धा. मग तोफ डागायची नाही, म्हणजे नाही."

"आणि उगाच म्हटलं तर?"

"मग मॅक्रे त्याला सोलून काढायचा."

तीन दिवस पाऊस कोसळत होता. डोंगरावरची प्रत्येक फांदी सडकी; किटली टांगली की मोडून विस्तवात पडायची. सरळ, लोखंडी अशा त्या चिखलात दोनच वस्तू होत्या, ते दोन खांब. दुपारी तोफ शांत असताना क्लॅरीकाकांनी लांबचा खांब उपटला, त्यावर किटली टांगली, सगळ्यांना चहा पाजला आणि खांब परत रोवून टाकला.

"त्याच जागी?"

"मला वाटलं त्याच जागी. दोन पावलं चुकलो होतो, पोरी."

चार वाजता टेलिफोन खणखणला. कड्यावर हल्ला आला होता. क्लॅरीकाकांनी दुर्बिणीला डोळा लावला. दोन खांब एका रेषेत दिसेनात. पण प्रत्येक गोळ्यागणिक तोफ चिखलात सरकतच होती. त्यांना वाटलं, तीच सरकली. त्यांनी हिशेबानं नेम दुरुस्त केला. गोळा भरला गेला. मॅक्रेनी हात वर केला.

"थांबा!"

बाबा ओरडले होते. हातात पुढचा गोळा तसाच.

"कोण बोललं?" मॅक्रे गरजले.

"मी, सार्जंट. लांबचा खांब काळा आहे."

"काळा? तिकडं माणसं मरतायत आणि तू रंग बघतोस?"

"सकाळी मीच रोवला होता. तेव्हा काळा नव्हता. आता त्यावर काजळी आहे."

टेलिफोनमधून कड्यावरचा अधिकारी इतका ओरडत होता की सगळ्यांना ऐकू येत होतं. "तोफ कुठे आहे? झोपलात काय रे?"

मॅक्रेनी क्लॅरीकाकांकडे पाहिलं. "चहा कुणी केला?"

"मी," क्लॅरीकाका म्हणाले. हे सांगताना, इतक्या वर्षांनंतरही, त्यांनी खाली पाहिलं.

आता जुनी जागा शोधायला हवी होती. ती होती तोफेच्या तोंडापुढे, पन्नास पावलांवर, आणि तोफ भरलेली. बाबांनी गोळा शेजारच्याच्या हातात कोंबला आणि धावत सुटले. क्लॅरीकाकांनी दोन्ही हात डोक्यावर धरले. "माझा हात तोफ डागायच्या दट्ट्यावर नाही, हे लिंडसेला, तुझ्या बाबाला, दिसावं म्हणून," ते म्हणाले. बाबा चिखलात गुडघ्यांवर बसून चाचपडत होते. भोक पाण्यानं भरलं होतं. कोपरापर्यंत हात घालून त्यांनी ते शोधलं, खांब त्यात ठोकला आणि बाजूला अंग टाकून दिलं.

"दिसतंय का रे, चहावाल्या?" ते तिथून ओरडले.

क्लॅरीकाकांनी डोळा लावला. दोन्ही खांब एका रेषेत. तोफ सरकलीच नव्हती. त्यांनी नेम परत घेतला. दीडशे यार्डांचा फरक निघाला. पहिला गोळा आपल्याच खंदकात पडला असता.

"डागा!"

मग सगळे टेलिफोनकडे बघत राहिले. पलीकडे खरखर. आणि मग तोच आवाज, पण निराळा: "बरोब्बर! देवाशपथ, बरोब्बर! देत राहा!"

ते देत राहिले. नळीवरचा रंग फोड येऊन सुटेपर्यंत. अंधार पडायच्या आत कडा शांत झाला होता, आणि तो आपला होता.

तिसऱ्या दिवशी पायदळ खाली उतरलं. दाढ्या वाढलेले, बूट फाटलेले, पण आपल्या पायांनी चालत. त्यांचा कॅप्टन तोफेपाशी थांबला. "दोन मिनिटं उशीर केलात," तो म्हणाला. "का?"

मॅक्रे काही बोलायच्या आत क्लॅरीकाकांनी सगळं सांगून टाकलं. किटलीसकट. बाबा तेव्हा खालून वाहून आणलेले गोळे रचत होते. कॅप्टननं विचारलं, "तो कोणता?" क्लॅरीकाकांनी बोट दाखवलं.

कॅप्टन मागे फिरला. त्यानं माणसांना रांगेत घेतलं. इतके थकलेले, तरी कोणी कुरकुरलं नाही. आमच्याकडे तोफखान्याला वेगळा ध्वज नसतो. तोफ हाच ध्वज, आणि तिच्यासमोरून जाताना मान वळवून मान द्यायचा असतो, पण तो परेडच्या मैदानावर. त्या चिखलात कॅप्टननं हुकूम दिला: "नजर... उजवीकडे!"

एकसष्ट माणसं माना वळवून तोफेसमोरून गेली. माझे बाबा तोफेशेजारी उभे होते, पंचवीस पौंडांचा गोळा छातीशी धरून. सलामीला हात मोकळा नाही. खाली ठेवणं त्यांना सुचलं नाही, किंवा बरं वाटलं नाही.

"हात भरून आले असणार," क्लॅरीकाका म्हणाले. "पण शेवटचा माणूस वळणाआड जाईपर्यंत पठ्ठ्या हलला नाही. ताठ उभा होता, पोरी. इतका ताठ तो मला पुन्हा कधी दिसला नाही."