शेजारच्या खुर्चीतले अण्णा

योगीराज देसूरकर हा माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. वाईट माणूस निदान लांबून ओळखू तरी येतो. हा पडला सज्जन. बेळगावच्या एका मराठी दैनिकात चौदा वर्षं खेळाचं पान लावलं, पेपर आटत गेला तसा बायकोपोरांसकट बेंगळुरूला आला आणि एका कबड्डी संघाच्या माध्यम विभागात चिकटला. काम काय, तर खेळाडूंना पत्रकारांपुढं नेऊन बसवायचं आणि धड परत आणायचं.

बसवंत मोरब हा त्या संघाचा चढाईपटू. खानापूर तालुक्यातल्या रानाकडेच्या गावचा, वय चोवीस. पहिल्या मोसमात त्याला कुणीतरी कन्नडमधून प्रश्न विचारला. मराठी शाळेत शिकलेलं पोर ते, ‘स्वल्प’ आणि ‘सरी’च्या पुढं गाडी जाईना. तीनदा अडखळला आणि तोंड लाल करून गप्प बसला. झालं. बारा सेकंदांचा तो व्हिडिओ अख्ख्या राज्यानं बघितला. पुढच्या सामन्यात प्रेक्षक त्याच्या अडखळण्याची नक्कल करत होते, आणि ते कुणी परके नव्हते, त्याच्याच संघाचे होते. तेव्हापासून त्यानं ठरवून टाकलं, माइकसमोर बोलायचं ते मराठीतच, आणि शेजारच्या खुर्चीत अण्णा पाहिजेत. अण्णा म्हणजे योगीराज. बसवंत मराठीत बोलायचा आणि अण्णा ते हिंदीत नि इंग्रजीत सांगायचे.

आता ‘सांगायचे’ म्हणजे काय, तेही ऐका. बसवंत म्हणायचा, “पंच आंधळा होता काय? माझी टाच आत होती.” अण्णा सांगायचे, “पंचांच्या निर्णयाचा आम्ही आदर करतो.” बसवंत म्हणायचा, “त्यांच्या त्या कोपऱ्यातल्या गड्याला पुढच्या वेळी मी सोडत नाही.” अण्णा सांगायचे, “समोरचा संघ तगडा आहे, आम्हाला बरंच शिकायला मिळालं.” तीन मोसम हे असंच चाललं. एकदाही वाद नाही, एकदाही लीगची नोटीस नाही. योगीराजला त्याचा अभिमान होता. बोललेलं धुऊन, इस्त्री करून पुढं ठेवायची त्याला इतकी सवय झाली होती, की कानावर पडतापडताच आत सगळं चापूनचोपून तयार व्हायचं. बसवंतलाही गंमत वाटायची. “अण्णा, मी एवढा शहाणा कधी झालो हो?” असं तो गाडीत विचारायचा. त्याच्या आईला, गंगव्वाला, योगीराज दर फोनवर सांगायचा, “मी शेजारी असतो की. काळजी करू नका.”

चौथ्या मोसमात बसवंतचं बिनसलं. आधी खांदा दुखावला, मग लागोपाठ पाच हार, मग मोबाईलवर त्याच्या नावानं शिमगा. व्हाइटफील्डच्या ज्या इमारतीत संघाचा मुक्काम होता तिथं तो खोलीचं दार लावून बसायला लागला. बोम्मसंद्र्याच्या हॉलला सरावाला जाताना दोन-दोन तास बस रखडायची, पण हा टोपी डोळ्यांवर ओढून चकार शब्द काढायचा नाही. संघानं खेळाडूंच्या मनासाठी एक तज्ज्ञ नेमले होते. ते महिन्यातून एकदा स्क्रीनवर यायचे आणि इंग्रजीतला दहा प्रश्नांचा तक्ता भरून घ्यायचे. बसवंत दहाही ठिकाणी ‘बरं आहे’वर खूण करायचा. प्रश्न त्याला मराठीत वाचून दाखवायला योगीराजच असायचा.

मग तो शनिवारचा सामना झाला. एका गुणानं मागं, शेवटची चढाई, आणि ती बसवंतची. चढाईला तीस सेकंद मिळतात आणि पलीकडची निदानरेषा ओलांडली नाही तर चढाई करणारा बाद होतो, हे शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. बसवंत ‘कबड्डी, कबड्डी’ म्हणत दोन पावलं गेला आणि उभाच राहिला. पलीकडचे सात जण हात धरून वाट बघत होते. हा त्यांच्याकडं बघतच नव्हता. बघत होता कडेला, जिथं कॅमेरे लावले होते तिकडं. तीस सेकंद तसेच गेले आणि शिटी वाजली.

लीगचा नियम असा, की सामन्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी अकरा वाजता इंदिरानगरच्या हॉटेलात एक खेळाडू पत्रकारांपुढं बसलाच पाहिजे. कुठला, ते प्रक्षेपण करणारी वाहिनी ठरवणार. आणि ज्याची छी-थू चाललीय त्यालाच वाहिनी बोलावणार, यात आश्चर्य ते काय? नाही बसला तर पुढचे तीन सामने बाहेर. ताप असला, हाड मोडलं, टाके पडले तर सूट होती, पण त्याला डॉक्टरची चिठ्ठी लागायची.

रविवारी दहा वाजता बसवंतनं योगीराजला त्याच हॉटेलच्या मागच्या बोळात गाठलं.

“अण्णा, आज मला त्या खुर्चीत नका बसवू.”

“का रे?”

“जमत नाही. श्वास पुरत नाही. काल रेषेवर गेलो नि डोक्यात एकच सुरू झालं, उद्या इथं काय विचारतील आणि मी काय सांगू. पायच उचलेनात. आज बसलो तर माझं काहीतरी होईल, अण्णा. खरं सांगतो.”

योगीराजनं त्याच्याकडं नीट बघितलं. ओठांची सालं दातांनी सोलून काढलेली होती. त्याला सगळं कळलं. कळलं नाही म्हणायला जागाच नव्हती. तो तडक धनलक्ष्मी मॅडमकडं गेला. त्या संघाच्या व्यवस्थापक, आणि त्याही काही राक्षसीण नव्हत्या. म्हणाल्या, “चिठ्ठी आणा, मी आत्ता लीगला कळवते. पण तिच्यावर कारण लिहावं लागेल आणि ते बाहेर फुटणार. पंधरा दिवसांवर भारतीय संघाची निवड आहे. बघा, काय ते ठरवा.”

ठरवायचं होतं बसवंतनं. दहा पावलांवर, बोळात, भिंतीला टेकून उभा होता तो. पण त्याच्या वतीनं बोलायची योगीराजला इतकी सवय, की त्याच्या वतीनं ठरवूनही टाकलं. डोक्याचं दुखणं म्हणून एकदा नाव झालं की पोरगं कायमचं गेलं, असं त्याला वाटलं, आणि मनापासून वाटलं. बोळात परत येऊन त्यानं बसवंतच्या पाठीवर हात ठेवला.

“दहा मिनिटांचा प्रश्न आहे. तू काहीही बोल, मी सांभाळतो. दुपारी आपण दोघं बसू, निवांत बोलू.”

बसवंतनं मान हलवली. नाही म्हणायचं बळ त्याच्यात राहिलं असतं तर तो अण्णांकडं आलाच कशाला असता?

हॉटेलातला हॉल भरला होता. मोबाईलवर, संघाच्या पानावर, सगळं थेट दिसत होतं. पहिला प्रश्न तरुण पत्रकाराचा, प्रणीत नाव त्याचं. “काल नेमकं काय झालं? घाबरलास का?”

योगीराजनं प्रश्न मराठीत सांगितला. बसवंत माइककडं बघत राहिला. मग बोलायला लागला, हळू, पण न अडखळता. त्या खुर्चीत इतकं सलग तो कधी बोलला नव्हता.

“होय, घाबरलो. पलीकडच्या सात जणांना नाही, ह्या जागेला. तीन आठवडे मला झोप नाही. सकाळी पायांत बूट घालताना रडू येतंय. जेवण घशाखाली उतरत नाही. मघाशी पण मी सांगितलं, मला इथं बसवू नका म्हणून. मला कबड्डी आवडत होती हो. आता मैदान बघितलं की पळून जावंसं वाटतंय, आणि पळून कुठं जायचं ते कळत नाही. मला कुणीतरी थांबवा. मी माझ्या तोंडानं सांगतोय, मला थांबवा. मी लई वाईट हालात आहे.”

तो थांबला आणि अण्णांकडं वळला. हॉलमध्ये मराठी समजणारं दुसरं कुणी नव्हतं. सगळ्यांचे माइक योगीराजकडं फिरले. मागच्या भिंतीशी धनलक्ष्मी मॅडम उभ्या होत्या.

योगीराजला शब्द न् शब्द कळला होता. पण तोंड? तोंड तीन मोसमांच्या सवयीचं. ते आपोआप उघडलं.

“बसवंत म्हणतोय, कालच्या पराभवानं तो फार निराश आहे. चुकीची जबाबदारी त्याची आहे. पण संघ मेहनत घेतोय आणि पुढच्या सामन्यात आम्ही जोमानं उतरू.”

प्रणीत हसला. “तो एवढं लांब बोलला आणि तुमचं तीन वाक्यांत आटोपलं?”

“गावाकडचा आहे,” योगीराज म्हणाला. “पाल्हाळ लावायची सवय आहे.”

हॉल हसला. बसवंतला बोलायला जड जात असलं तरी हिंदी कळत होती. त्यानं अण्णांकडं एकदा बघितलं. चिडून नव्हे. चिडला असता तर बरं झालं असतं. ओळखीच्या घराचं दार वाजवावं आणि आत भलतंच कुणीतरी राहायला आलेलं असावं, तसं बघितलं. पुढच्या चार प्रश्नांना त्यानं उत्तर दिलं नाही. चारही उत्तरं योगीराजनंच दिली, आणि ती चांगली दिली.

दुपारचं बोलणं राहिलं. दुपारी प्रायोजकांची जाहिरात होती, संध्याकाळी बस अडकली, सोमवारी योगीराजच्या मुलाच्या शाळेत बोलावणं होतं. तो दोनदा बसवंतच्या दारापर्यंत गेला. दार बंद होतं. झोपलं असेल पोरगं, असं म्हणून तो परतला. तीन आठवडे झोप नाही, हे ज्यानं आपल्या कानांनी ऐकलं होतं तोच हे म्हणत होता.

बुधवारच्या सामन्यात बसवंत चढाईला गेला. मध्यरेषा ओलांडली, निदानरेषा ओलांडली, कोपऱ्यातल्या दोघांना हात लावून परतही आला. स्टेडियम उठून उभं राहिलं. पंचांनी मात्र शिटी वाजवली आणि गुण पलीकडच्यांना दिला. बसवंतच्या तोंडून ‘कबड्डी’ आलंच नव्हतं. दुसऱ्या चढाईला प्रशिक्षक कडेवरून ओरडत होते, “आवाज काढ, आवाज.” बसवंतचे ओठ हलत होते. आवाज नव्हता. तिसऱ्यांदा त्याला पाठवलं नाही. तो बाकावर बसला, आणि सामना संपून अर्धा तास झाला तरी तिथंच होता, गुडघ्यांच्या पट्ट्यासुद्धा न काढता. काय झालं, काय होतंय, सगळ्यांनी विचारून बघितलं. तो एक शब्द बोलला नाही.

संघातर्फे पत्रक निघालं, की घसा बसल्यामुळे बसवंत मोरब विश्रांती घेत आहे. ते कुणी लिहिलं, हे वेगळं सांगायला नको.

शुक्रवारी तो पाणीही घेईना, तेव्हा त्याला दवाखान्यात दाखल केलं. शनिवारी सकाळी गंगव्वा आली. गुंडो म्हणून तिचा पुतण्या, तो तिला घेऊन आला होता. ती पोराच्या पलंगाशी बसली, त्याचा हात आपल्या हातात घेतला आणि तोंडावरून पदर फिरवला. बसवंतनं तिच्याकडं बघितलं आणि पुन्हा खिडकीकडं मान वळवली. योगीराज पायथ्याशी उभा होता. 

“मावशी, तुम्हाला आधी कळवायला पाहिजे होतं,” तो म्हणाला.

“मला ठाऊक होतं की,” गंगव्वा म्हणाली. “रविवारीच ठाऊक होतं. शेजारच्या पद्मावतीच्या मोबाईलवर बघितलं आम्ही, सगळी गल्ली बसली होती बघायला. तो असं बोलायला लागला नि मी तशीच उठले. गुंडोला म्हटलं, आत्ताच्या आत्ता बेंगळूरची गाडी बघ. पिशवी भरली मी.”

“मग?”

“मग तुम्ही दिसलात शेजारी. पुढचं तुमचं हिंदी-इंग्लिश मला काय कळतंय? पण म्हटलं, अण्णा आहेत, त्यांनी ऐकलंय. त्या सगळ्यांत कळणारा माणूस तेवढा एक, आणि तो ह्याच्याजवळ बसलाय. आता मी जाऊन काय निराळं करणार? म्हणून पिशवी रिकामी केली.”

तिच्या आवाजात ठपका नव्हता. ती आपली झालेलं सांगत होती. योगीराजनं पलंगाची दांडी धरली. त्याला वाटलं, हिनं आपल्या दोन थोबाडीत मारल्या असत्या तर सोसलं असतं.

तेवढ्यात डॉक्टरबाई आल्या. त्या केरळकडच्या, गंगव्वाशी बोलायला त्यांना भाषाच नव्हती. त्यांनी कागदपत्रं चाळली आणि योगीराजला इंग्रजीत विचारलं, “तुम्ही भाषांतर कराल? आईंना विचारा, हा बोलायचा थांबायच्या आधी यानं कुणाला काही सांगितलं होतं का? मदत मागितली होती का?”

योगीराजनं विचारलं. प्रश्न मराठीत म्हणताना त्याची जीभ दर शब्दाला अडखळली.

गंगव्वा पोराच्या हातावरून हात फिरवत राहिली. “सांगा त्यांना,” ती म्हणाली, “सांगितलं होतं. भरल्या सभेत सांगितलं, मला थांबवा म्हणून. बाकीच्यांना समजलं नसेल. पण शेजारी अण्णा होते, त्यांना समजलं होतं.”

डॉक्टरबाई पेन उघडून थांबल्या होत्या. बसवंत खिडकीबाहेर बघत होता. योगीराजच्या डोक्यात तिथल्या तिथं एक वाक्य तयार झालंच होतं, नेहमीसारखं, कडक इस्त्रीचं: घरच्यांना साधारण कल्पना होती. ते त्यानं गिळलं आणि गंगव्वाचं बोलणं शब्दाला शब्द लावून सांगितलं. चार मोसमांत पहिल्यांदा.

डॉक्टरबाईंनी ते लिहून घेतलं. मग मान वर करून विचारलं, “हे अण्णा कोण? त्यांना बोलावून घेता येईल का?”

“काय म्हणतायत?” गंगव्वानं विचारलं.

योगीराजनं तेही तिला जसंच्या तसं सांगितलं आणि ती काय उत्तर देते त्याची वाट बघत उभा राहिला.