ओमच्या नावाचा डाव

मित्रांनो, माझ्या काचेला तडा गेलाय आणि चार्जरची वायर जरा तिरकी धरली तरच माझ्या पोटात वीज जाते. तरी मी अजून चालतो. संगमनेरजवळच्या एका वस्तीवरचा मी जुना टॅब.

कुठल्या कारखान्यात माझी जुळणी झाली ते मला आठवत नाही. मी माझा जन्म वाल्मिकभाऊंच्या ओट्यावरच धरतो. शाळा बंद होत्या तेव्हा त्यांनी मला त्यांच्या मुलाच्या, ओमच्या, अभ्यासासाठी आणलं. शाळा उघडल्या आणि मी कपाटावर गेलो. तोवर घरात ज्याच्या त्याच्या हातात मोबाईल आला होता. चार माणसं चार कोपऱ्यांत माना घालून बसत. एके दिवशी ओमनं मला पुसलं, माझ्यात लुडो घातला आणि जेवणं झाल्यावर सतरंजीच्या मधोमध ठेवलं.

"पप्पा, या. एक डाव."

"अन् गायांकडं कोण बघायचं, तुझा लुडो?" असं म्हणत वाल्मिकभाऊ बसलेच.

सप्त्यात कीर्तनाला बसावीत तशी चौघं रोज माझ्याभोवती मांडी घालून बसू लागली. फासा फिरता फिरता बोलणं निघायचं. दुधाला फॅट का लागत नाही, धाकट्या दिशाला गणिताच्या बाई का रागावल्या, सगळं. ओम दिशाची सोंगटी पार घराच्या तोंडाशी मारायचा. आईची मात्र त्यानं कधी मारली नाही. मारायची वेळ आली की दुसरीच सोंगटी पुढं सरकवायचा.

"आईचा लाडोबा," दिशा फुगायची.

"तुझं लगीन झालं की तुझीबी न्हाई मारनार."

देवाशपथ सांगतो, तेवढं सुख मी पुन्हा पाहिलं नाही.

मागच्या उन्हाळ्यात ओम शेततळ्यात बुडून गेला. मोटारीच्या पाइपातला कचरा काढायला वाकला आणि पाय घसरला. तळ्याचा प्लास्टिकचा कागद शेवाळला होता. त्याच्यावर हात ठरत नाही.

घर मुकं झालं. वाल्मिकभाऊंनी कीर्तनाला जाणं सोडलं. बायकोला ते इतकी वर्षं 'ओमची आई' म्हणत आले होते. ती हाक आता तोंडातून निघेना, आणि दुसरी त्यांच्याजवळ नव्हती. म्हणून त्यांनी रेश्माताईंना हाक मारणंच बंद केलं.

मीही पुन्हा कपाटावर गेलो होतो. पावसाळ्यानंतर वाल्मिकभाऊंनी मला खाली काढलं. चौथा खेळाडू नसला तर त्याच्या जागी मीच खेळतो. त्या खेळाडूच्या नावाच्या जागी त्यांनी दिशाकडून 'ओम' असं लिहून घेतलं.

मग रोज धारा झाल्या की डाव. "ओमला सहा पडले." "ओमनं नेमकी चाल केली बघ." वाल्मिकभाऊ तेवढंच बोलत. मायलेकी खाली बघून खेळत. मला सांगावंसं वाटे, भाऊ, तो मी आहे, नुसती आकडेमोड. पण मला तोंड कुठं?

एका संध्याकाळी रेश्माताईंची शेवटची सोंगटी घराच्या दारात होती. 'ओम'ची पाळी आली. मी फासा टाकला आणि ती सोंगटी मारली. मला दुसरं काही येत नाही.

वर मी आनंदाची धूनही वाजवली.

"ह्यो ओम न्हाई," रेश्माताई म्हणाल्या. "माझ्या लेकरानं माझी सोंगटी कधी मारली न्हाई."

"पप्पा, मशीन हाय ते," दिशा हळूच म्हणाली.

"मला कळत न्हाई व्हय?" वाल्मिकभाऊ म्हणाले. त्यांनी माझ्यावरच्या त्या नावावर अंगठा फिरवला. मग त्यांचा आवाज फुटला. "ओमची आई, त्याचं नाव दुसरं कुठं घेऊ म्या?"

"माझ्याजवळ घ्या. मी तरी कुनाजवळ घेत हुते?"

तिघंही रडली. मग ओमबद्दल बोलत राहिली. कसा हसायचा, भाकरी कशी दुमडून खायचा. माझी बॅटरी संपून मी बंद पडलो, ते कुणाच्या ध्यानातही आलं नाही. तेव्हा मला फार बरं वाटलं.

मित्रांनो, दुःख कुठं गेलेलं नाही. आता तिघांचाच डाव होतो. एखाद्या दिवशी मांडतात आणि अर्ध्यात सोडून देतात. दुपारी रेश्माताई माझ्यावर कीर्तन लावतात. ते ऐकून मला एवढं कळलं, की टाळ फक्त ताल धरतात, नाम माणसांनीच घ्यायचं असतं. माझंही तेच काम. मला मधोमध ठेवा, माझ्याभोवती बसा, भांडा, चिडवा. पण जो समोर बसलाय त्याच्याशी आजच बोलून घ्या. माझ्यातून कुणालाच परत आणता येत नाही.