झाकण साहेबांनी उघडलं

मित्रांनो, मी एक जुना स्विच आहे आणि मला भयंकर राग आलाय, हे आधीच सांगून टाकतो. तुमच्या भिंतीवरच्या बटणाला माझा भाऊ म्हणू नका. मी नखाएवढा. माझ्या अंगावर अतिवाहक पदार्थाची केसाहून पातळ पट्टी आहे. द्रवरूप नायट्रोजनने मला गारठवलं की तिच्यातून सूक्ष्मलहरींचा संदेश जवळपास काही न गमावता पार होतो. जरा ऊब दिली की वाट बंद.

मला एका ताईंनी घडवलं. आधीचे तीन बिघडले, चौथा मी. समुद्रकाठच्या बिनतारी संदेशांच्या ठाण्यात सहा वर्षं मी संकटातल्या बोटींच्या क्षीण हाका आत आणल्या. माझी देखभालही ताईच करायच्या. माझ्या पेटीवर त्यांनी लिहिलं होतं, ‘गार असताना उघडू नये.’

एकदा ताई रजेवर असताना पाहुणे आले. ठाण्याच्या साहेबांना मिरवायची भारी हौस; मला दाखवायला ते पेटीचं झाकण काढू लागले.

"साहेब, दमट हवा आत शिरेल," मेकॅनिकदादा म्हणाले.

"दोन मिनिटांनी काय आभाळ कोसळतंय?"

दोन मिनिटांचा अर्धा तास झाला. नायट्रोजन उडून गेला, माझ्यावर बर्फ धरला, त्याचं पाणी झालं. ते पाणी माझी पट्टी हळूहळू खात गेलं. चाचणीचा दणदणीत संदेश अजून पार व्हायचा, म्हणून ताईंनाही कळलं नाही.

आठवड्याने तीन भावांची एक बोट उलटली. तिची हाक माझ्यापर्यंत आली आणि माझ्यातच विझली. दुसऱ्या ठाण्याने ती ऐकली, पण पाऊण तासाने. दोन भाऊ वाचले. धाकटा गेला.

चौकशीत साहेब खुशाल म्हणाले, "देखभाल बाईंकडे होती."

ताई पांढऱ्याफटक पडल्या. माझ्या अंगाची नुसती लाही झाली! तेवढ्यात दादा उठले.

"झाकण तुम्ही काढलंत, साहेब. मी मात्र गप्प बसलो, ताईंना सांगितलं नाही. तेवढं पाप माझं."

ताईंनी मला सूक्ष्मदर्शकाखाली धरलं. पाण्याचे डाग सगळ्यांनी पाहिले. साहेबांची खुर्ची गेली. धाकटा काही परत आला नाही, म्हणून माझा रागही गेला नाही.

मित्रांनो, आम्हाला जपा अशी गोड विनवणी माझ्याने होणार नाही. कुणी मिरवायला आम्हाला हात लावू लागलं, तर त्याचा हात धरा. धरवला नाही, तर त्याच दिवशी जाऊन सांगा. आम्हाला तोंड नाही. तुम्हाला आहे ना?