वाळवणातले सिगार

वनमाला परब यांचं दमटपणाशी जुनं वैर होतं. लग्न होऊन मालवणहून मुंबईत आल्यापासून, म्हणजे गेली सेहेचाळीस वर्षं, त्या या शहराच्या हवेला शिव्या घालत आल्या होत्या. पापड मऊ पडले तर हवा, मिठाची बरणी पाझरली तर हवा, नवऱ्याचे गुडघे दुखले तरी हवाच. बोरिवलीच्या चौथ्या मजल्यावरच्या त्यांच्या घरात तांदळात कडुनिंबाचा पाला, सोड्यांच्या, म्हणजे सुक्या कोलंबीच्या, डब्याला झाकणाखाली फडकं आणि मालवणी मसाल्याला वर्षातून दोनदा ऊन, असा कडक कारभार होता. बुटांच्या खोक्यांतून आणि औषधांच्या बाटल्यांतून निघणाऱ्या त्या बारीक पांढऱ्या पुड्यासुद्धा बाई फेकत नसत. त्या ओल शोषतात असं कळल्यापासून एका बरणीत त्यांचा साठाच केला होता.

अशा बाईच्या हाती सिगारची पेटी आली, आणि पुढे जे व्हायचं तेच झालं.

पेटी त्यांच्या दिराची, धाकूची. आई गेल्यावर नऊ वर्षांचा धाकू गावाहून भावजयीकडे आला तो तिचाच होऊन राहिला. तिनं त्याला न्हाऊमाखू घातलं, शाळेत घातलं, एकदा पायताणानं झोडपलंही. एकोणिसाव्या वर्षी तो बोटीवर खलाशी म्हणून चढला आणि अठ्ठावीस वर्षांनी सारंग होऊन, म्हणजे सगळ्या खलाशांचा म्होरक्या होऊन उतरला. शेवटच्या सफरीत कप्तानानं त्याला क्यूबाच्या पंचवीस सिगारची लाकडी पेटी दिली आणि सांगितलं, "सारंग, तुझ्या घरात कुणी ऑफिसर झालं की पेटव." धाकूची मुलगी गंधाली तेव्हा बारावीत होती. मालवणच्या घरी पेटी ठेवली असती तर आल्यागेल्यांनी आठवड्यात तिचा फडशा पाडला असता. तेव्हा धाकूनं ती वहिनीच्या कपाटात आणून ठेवली. जगात दुसऱ्या कुठल्या कपाटावर त्याचा भरवसा नव्हता.

सात वर्षं पेटीची देखभाल वनमालाबाईंचा मुलगा सुयोग करत होता. डिसेंबरात त्याची बंगळुरूला बदली झाली, तेव्हा निघायच्या गडबडीत त्यानं आईला दोन गोष्टी सांगितल्या. आत एक स्पंजची डबी आहे, तिच्यात दर पंधरा दिवसांनी बॅटरीत घालतात ते शुद्ध पाणी घाल. आणि झाकणाला आतून बसवलेल्या, ओल दाखवणाऱ्या तबकडीवरचा काटा बघत जा. काटा कुठे असायला हवा हे सांगायचं मात्र राहून गेलं. बाईंनीही विचारलं नाही. घरात आकडे कसे वाचायचे हे त्यांना ठाऊक होतं. नवऱ्याची, म्हणजे काशीरामांची, साखर एकशे नव्वदवरून एकशे वीसवर आली तेव्हा डॉक्टरांनी पाठ थोपटली होती, रक्तदाब उतरला तेव्हाही. आकडा खाली म्हणजे तब्येत चांगली, याहून सोपं काय असणार.

त्यांनी पेटी उघडली तर काटा अडुसष्टवर. सिगार हाताला मऊ, जरासे ओलसर. बाईंच्या अंगावर काटाच आला. पोरानं सात वर्षं दिराची अमानत ओलीत कुजत ठेवली होती की काय. स्पंजची डबी त्यांनी त्याच क्षणी बाहेर काढून ठेवली. होळीच्या आधी गच्चीवर पापड घातले तेव्हा एका कोपऱ्यात स्वच्छ धोतरावर पंचवीस सिगार ओळीनं मांडून त्यांना दोन दुपारची खडखडीत उन्हं दाखवली. मग ते पेटीत भरले, त्यात जमवलेल्या अकरा पांढऱ्या पुड्या टाकल्या आणि पेटी स्टीलच्या घट्ट डब्यात बंद केली. काटा बत्तीसवर आला. बाईंना इतकं समाधान वाटलं की त्यांनी त्या दिवशी आंबोळ्या केल्या.

एप्रिलच्या मध्यावर सुयोगचा फोन आला. गंधालीची परीक्षा झाली होती, जहाजावर थर्ड ऑफिसर म्हणून नेमणूकही आली होती. मेच्या दुसऱ्या आठवड्यात ती मुंबईहूनच निघणार, म्हणून आदल्या रविवारी बोरिवलीच्या गच्चीवर सगळ्यांचं जेवण ठरलं होतं आणि त्या दिवशी धाकू पेटी उघडणार होता. मग सुयोगनं सहज विचारलं की काटा कितीवर आहे. बाईंनी अभिमानानं बत्तीस सांगितलं. सुयोगनं त्यांना आकडा पुन्हा सांगायला लावला. नंतर सुयोगनं हळूहळू सगळं सांगितलं. सिगारला सत्तरच्या आसपास ओल लागते, त्याखाली पान सुकतं, आणि सुकलेला सिगार पेटवला तर गवतासारखा भडकून जिभेला चटका देतो. बाई फोन ठेवून डब्यातली पेटी मांडीवर घेऊन बसल्या. ज्या पोराला त्यांनी अंगाखांद्यावर वाढवलं, त्यानं आयुष्यात एकच वस्तू जपायला दिली होती आणि ती त्यांनी पापडासारखी वाळवून ठेवली होती.

काशीरामांनी बायकोला कधी असं पाहिलं नव्हतं. ते धीर द्यायला म्हणाले की एवढ्याशा चिरुटांचं काय, मी गिरणीत असताना लोक तंबाखू वाळलेलीच खायचे. त्यावर बाईंनी असं बघितलं की ते चपला घालून खाली फिरायला गेले.

मग बाईंनी दुसरी चूक करायला घेतली. पंचा पाण्यात बुडवला, पिळला, आणि कोथिंबिरीची जुडी गुंडाळतात तसे सिगार त्यात गुंडाळायला बसल्या. तेवढ्यात शेजारच्या कमल मेश्राम विरजण मागायला आल्या. दोघी तीस वर्षांच्या शेजारणी, भिंतीला भिंत लागून. कमलताईंचं माहेर भंडाऱ्याकडचं, आणि सातव्या वर्षापासून लग्न होईपर्यंत त्यांनी आईशेजारी बसून विड्या वळल्या होत्या, दिवसाला हजार. हे त्या फारसं कुणाला सांगत नसत. दरवाजातूनच त्यांनी मांडलेले सिगार पाहिले, पुढे होऊन एक उचलला, कानाशी नेला आणि दोन बोटांत हलकेच फिरवला. आतून कुरकुर असा आवाज आला. त्यांनी पहिलं काम काय केलं, तर वनमालाबाईंच्या हातातला पंचा ओढून घेतला.

"पान तहानलं म्हणून त्याच्यावर पाणी नाही ओतत," कमलताई म्हणाल्या. "फुटते ते. पानाले हवा पाज."

मग त्यांनी सगळं समजावलं. विडीचं पान रात्री शिंपडून गोणपाटात ठेवतात आणि सकाळी ते मऊ होतं, पण ते सुटं पान असतं. इथे आतबाहेर दहा पानं एकमेकांना धरून बसली आहेत. वरचं पान पाणी पिऊन फुगलं आणि आतलं कोरडंच राहिलं, तर वरचं चिरलंच समजा. सगळ्यांनी मिळून सावकाश प्यायला हवं. त्यांनी पुड्या काढायला लावल्या, स्टीलचा डबा बाद केला, आणि घरातली सगळ्यात दमट जागा कोणती असं विचारलं.

वनमालाबाईंना ती जागा पाठ होती. न्हाणीघराला लागून असलेली आतल्या खोलीची भिंत. तिला बारा महिने ओल असायची, पोपडे सुटायचे, आणि त्यापायी बाई चार वर्षं सोसायटीच्या प्रत्येक सभेत उभं राहून भांडल्या होत्या. त्या भिंतीशेजारच्या कपाटात, झाकण बोटभर किलकिलं ठेवून, वर पातळ फडकं टाकून पेटी ठेवली गेली. पहिला आठवडा नुसती हवा, कमलताईंनी बजावलं, मग स्पंजची डबी, तीही आधी अर्धीच भिजवून.

त्यानंतरचे तीन आठवडे वनमालाबाईंनी जन्मात केली नव्हती अशी गोष्ट केली. दमट हवेची वाट पाहिली. सकाळी उठल्या की आधी कपाट उघडून काटा बघायच्या, मग देवाला हात जोडायच्या. छत्तीस, चाळीस, त्रेचाळीस. खाडीकडून वारा आला की खिडक्या उघडायच्या, कोरडा वारा सुटला की धडाधड बंद करायच्या. काशीराम म्हणाले की माझी साखर तू कधी इतक्या मायेनं बघितली नाहीस. बाई त्या वेळी एक सिगार कानाशी धरून बसल्या होत्या.

दुसऱ्या आठवड्यात बेल वाजली. दारात सोसायटीनं पाठवलेली वॉटरप्रूफिंगची माणसं उभी होती, ब्रश, डबे, शिडी सगळं घेऊन. चार वर्षांच्या भांडणाला फळ आलं होतं. वनमालाबाईंनी कमरेवर हात ठेवून त्यांच्याकडे पाहिलं आणि दहा मेनंतर या म्हणून सांगितलं. सेक्रेटरी स्वतः वर आले, काही गैरसमज झालाय का म्हणून विचारायला. बाईंनी त्यांना चहा पाजला, पण भिंतीला हात लावू दिला नाही. ही गोष्ट पुढे सोसायटीत बराच काळ चघळली गेली, आणि कमलताई तर ती आठवून जिन्यात एकट्याच हसायच्या.

काटा सदुसष्टवर येऊन थांबला तेव्हा रविवार दोन दिवसांवर होता. पंचवीसपैकी दोन सिगार चिरले होते. उरलेले तेवीस हाताला मऊ लागत होते. सुयोगनं फोनवर सांगितलं की काकाला काही कळणार नाही, तू गप्प राहा. बाईंनी हो म्हटलं. पण हो म्हटल्यापासून दिवसातून चार वेळा त्या ते चिरलेले दोन सिगार काढून बघत होत्या.

रविवारी संध्याकाळी गच्चीवर कोंबडीवड्यांचं जेवण झालं. नॅशनल पार्काकडून वारा येत होता. गंधाली नव्या पांढऱ्या गणवेशात सगळ्यांच्या पाया पडली, आणि धाकूचे डोळे भरून आले. त्यानं मांडीवर पेटी घेतली. झाकणावर हात ठेवला. तेवढ्यात वनमालाबाई उठून त्याच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"धाकू, पेटवच्या आदी माझा आयक," त्या म्हणाल्या. "मी ते वाळवलंय. गच्चीर, पापडांच्या वांगडा. दोन फुटले. बाकीचे कमलान वाचवल्यान. तुका राग इलो तर येव दे, पण ठाव असूक होया."

धाकूनं पेटी उघडली, एक सिगार काढला आणि कानाशी नेऊन दोन बोटांत फिरवला, थेट कमलताईंनी फिरवला होता तसा. काही वाजलं नाही. त्यानं टोक कापलं, सावकाश पेटवला, एक झुरका घेतला आणि डोळे मिटले. वनमालाबाईंनी पदराचं टोक बोटाला इतकं गुंडाळलं की बोट पांढरं पडलं.

"वयनी," धाकू म्हणाला, "कप्तानान दिल्यान त्या दिसा असोच वास इल्लो."

बाई तिथेच गच्चीच्या कठड्यावर बसल्या आणि हसता हसता रडल्या. रडणं ओसरल्यावर त्यांनी बजावलं की ते पापड कसे लागले हे मात्र कुणी विचारू नये, त्यांना अजून तंबाखूचा वास येतो. त्यावर गंधाली एवढी हसली की नव्या टोपीनं तोंड झाकावं लागलं. काशीरामांना छातीमुळे धूर वर्ज्य होता, तर त्यांनी एक न पेटवताच ओठांत धरला आणि मिल मालकासारखे गच्चीभर फिरले.

ज्यानं पेटी राखली त्याचा मान मोठा, असा बोटीवरचा रिवाज सांगून धाकूनं एक सिगार वहिनीपुढे धरला. वनमालाबाईंनी तो घेतला आणि कमलताईंच्या हातात दिला. कमलताईंनी आयुष्यात लाखांनी विड्या वळल्या होत्या, ओढली एकही नव्हती. त्यांनी सिगार पेटवला नाही. चष्मा वर सारून त्या त्याच्या मिटलेल्या टोकावरून अंगठा फिरवत राहिल्या. तिथे पानाचा एवढासा तुकडा इतका सफाईनं बसवला होता की शिवण दिसत नव्हती.

"हे बाईचं काम हाय," त्या म्हणाल्या. "हा अंगठा मी ओळखतो ना. माह्या मायचा असाच होता." मग गंधालीकडे वळून म्हणाल्या, "पोरी, तुहं जहाज कधी त्या क्यूबाले लागलं, तर तिले शोधून सांगजो. तिच्या पानाले बोरिवलीत आम्ही दोघींनी पाणी पाजलं."

गंधालीनं ऑफिसरसारखं ताठ उभं राहून सलाम ठोकला.

"पाणी नाही गं, हवा," वनमालाबाईंनी दुरुस्ती केली. "आमच्या मुंबईची हवा." आणि सेहेचाळीस वर्षांत पहिल्यांदा त्यांनी तिचं नाव शिवी न घालता घेतलं.