थोडंफार येतं

तियूर्माचं डोकं सकाळपासून तापलं होतं आणि तापायचं कारण घरातच बसलं होतं. कारणाचं नाव पार्तोनो. सव्वीस वर्षं डिझेलच्या ट्रकांखाली पाठ घासलेला तिचा नवरा, तिच्या खानावळीच्या मागच्या बाकावर बसून सोयाबीनचं तेंपे कापत होता. कापत होता तेही असं एकसारखं, की जन्मभर हाच धंदा केला असावा.

"वुलानचे बाबा, आज शनिवार. परवा बोट आहे. काही विचार केलात?"

"बघू या," पार्तोनो म्हणाला.

हे 'बघू या' ऐकून ऐकून तिचे कान किटले होते. वर टोलचा नवा रस्ता झाला, ग्रिंगसिंग गावातून जाणाऱ्या जुन्या रस्त्यावरचे ट्रक एका महिन्यात नाहीसे झाले आणि पार्तोनोचं गॅरेज बंद पडलं. तेव्हापासून तो अकरा गॅरेजांत जाऊन आला होता. अकराही ठिकाणी लोकांनी बसवलं, चहा पाजला, घरची खुशाली विचारली आणि 'कळवतो हं' म्हणून दारापर्यंत सोडायला आले. जावाच्या माणसाच्या तोंडून 'नाही' निघायचं नाही, मेला तरी. तियूर्मा सुमात्राची, तोबा तळ्याकाठच्या बताक जमातीतली. तिच्या माहेरी पोटात ते ओठात. सतरा वर्षं इथे काढली, पण या गोडगोड बोलण्याने तिचं पित्त खवळायचं ते खवळायचंच.

बोटीचं प्रकरण तर कळसच होता. शेजारचा कासान समुद्रापलीकडच्या कालिमांतानमधल्या कोळसा खाणींसाठी माणसं गोळा करायचा. तो तीनदा घरी आला. तिन्ही वेळा पार्तोनो मान हलवत 'इंगिह, इंगिह' करत राहिला. जावात 'इंगिह' म्हणजे 'हो', आणि 'ऐकतोय, तुमचं चालू द्या' म्हणजेही 'इंगिह'च. कासानने सोयीचं ते घेतलं आणि तिकीट आणून हातावर ठेवलं. आता वर्षातून दोनदा नवरा दिसणार.

"तुम्हाला जायचंय का?" तिने विसाव्यांदा विचारलं.

"नाही."

"मग तसं सांगा ना त्या कासानला!"

"आता कसं सांगू? बिचाऱ्याने तिकीट काढलंय." तो खाली बघत म्हणाला. "दुसरीकडे काम लागलं असतं, तर सांगता आलं असतं."

"लागेल कसं? वेलेरी गावच्या त्या ट्रक डेपोत गेला होतात ना, तिथे काय झालं ते तरी सांगा एकदा!"

"काही नाही. साहेबांनी विचारलं, इंजिनाचा डिझेल पंप खोलता येतो का? मी म्हटलं, थोडंफार येतं."

तियूर्माच्या हातातला झारा तसाच राहिला. "थोडंफार? अहो, आख्ख्या घाटातल्या ट्रकांचे पंप तुम्ही खोललेत!"

"म्हणून काय आपल्याच तोंडाने सांगायचं? कसं दिसतं ते!"

"मग साहेब काय म्हणाले?"

"म्हणाले, थोडंफार येणारे माझ्याकडे पाच आहेत, सहावा कशाला?"

"नाव काय त्या साहेबाचं?"

"पाक मानुरुंग." 'पाक' म्हणजे साहेब; ते लावल्याशिवाय नाव घेणं पार्तोनोला जमायचं नाही.

"अरे देवा! बताक माणूस!" तियूर्माने कपाळावर हात मारला. "अहो, आम्ही बताक लोक ऐकतो तेच खरं धरतो! तुम्ही थोडंफार म्हणालात, त्याने थोडंफारच ऐकलं! उठा. हत्यारांची पिशवी घ्या."

"आत्ता? बोलावलं नाही काही नाही, असं कसं..."

"उठा म्हणते ना!"

चुलीखालचा जाळ ओढून तिने स्कूटर काढली आणि नवऱ्याला मागे बसवलं. वाटेत त्याने दोनदा 'बघू या, उद्या जाऊ' म्हणून पाहिलं. तिने वेग वाढवला.

डेपोत मधोमध एक मोठा ट्रक केबिन पुढे कलवून उभा होता आणि पाचही थोडंफारवाले त्याभोवती घाम पुसत होते. मानुरुंग म्हणजे पिंपासारखा माणूस, आवाजही तसाच. तियूर्माच्या बोलण्यातला बताक हेल ऐकताच त्याने पहिला प्रश्न विचारला, "कूळ कोणतं?" तिने सांगितलं. त्याच्या आजीचंच निघालं.

"म्हणजे बहीण लागतेस माझी. पण नातं घरी. इथे काम येणारा माणूस लागतो, आणि तुझा नवरा स्वतःच म्हणाला, थोडंफार येतं."

"हा ट्रक काय म्हणतोय?" तिने विचारलं.

"सकाळी चालूच होत नाही. झाला तर चढावर दम सोडतो. दोन दिवसांत पंप दोनदा खोलला."

"यांना द्या अर्धा तास."

मानुरुंगने पार्तोनोकडे पाहिलं. "जमेल?"

तियूर्माने नवऱ्याच्या पायावर पाय ठेवला आणि दाबला. पार्तोनो कळवळला, पण म्हणाला तेच, "प्रयत्न करतो, पाक. थोडंफार..."

"झालं!" तियूर्मा ओरडली. "करा एकदाचं!"

पण हात इंजिनाला लागले आणि माणूसच बदलला. पंपाकडे त्याने बघितलंसुद्धा नाही. पिशवीतून गवंड्याची असते तशी पारदर्शक नळी काढली, टाकीकडून येणाऱ्या पाइपाच्या जागी ती जोडली आणि सेल मारायला लावला. नळीतून डिझेल स्वच्छ वाहू लागलं, एक बुडबुडा नाही. इंजिन दुसऱ्या फेऱ्यात धडधडलं. मग त्याने काढलेला पाइप वाकवून उजेडात धरला. पाइप आवळणाऱ्या पट्टीखाली केसाएवढी चीर होती.

"हवा आत ओढत होता," तो हळूच म्हणाला. "बाहेर थेंब गळत नाही, म्हणून दिसत नाही. पंप चांगला आहे, पाक. यांनी नीट बसवलाय."

पाच जणांनी निःश्वास सोडला. मानुरुंग त्या चिरेकडे बघत राहिला. मग म्हणाला, "सोमवारी सकाळी या. मुख्य मेकॅनिक म्हणून."

तियूर्माने डोळे मिटले. मिटल्या डोळ्यांनी तिने नवऱ्याचा आवाज ऐकला, "छे छे, नको, पाक. उगीच तुम्हाला त्रास. इथली माणसं चांगली आहेत की."

"बरं," मानुरुंग म्हणाला. "मर्जी तुमची." आणि वळला.

"थांबा!" ती इतक्या जोरात ओरडली की कुणाच्या तरी हातून पाना पडला. "पुन्हा विचारा त्यांना."

"का? नाही म्हणाले ना."

"ते नाही नव्हे हो, ती यांची रीत आहे! पहिल्यांदा दिलेलं घ्यायचंच नाही, मग तो चहा असो नाहीतर नोकरी. माझ्या बापाने विचारलं होतं, पोरगी देतो, करतोस का? तर हा माणूस म्हणाला, उगीच तुम्हाला त्रास! बाप काठी शोधायला गेला. शेजारच्या जावानी म्हातारीने त्याला धरून आणलं आणि तीनदा विचारायला लावलं, म्हणून माझं लग्न झालं! परवा याला बोटीत बसवतायत, साहेब, आणि हा जाईल. नको म्हणता येत नाही म्हणून जाईल. विचारा पुन्हा!"

बोलता बोलता तिचा आवाज फाटला. डेपोत कुणी हसलं नाही. मानुरुंगने घसा खाकरला. "सोमवारी येता का?"

"लोक काय म्हणतील, पाक..."

"तिसऱ्यांदा विचारतोय. चौथ्यांदा विचारणार नाही. येता का?"

पार्तोनोने हात पुसले. आधी चिंधीला, मग पँटला. "किती वाजता येऊ?"

परतताना तियूर्माच्या डोळ्यांतलं पाणी वाऱ्याने वाळलं, तेव्हा तिने विचारलं, "कासानला आजच सांगणार ना?"

"इंगिह."

"ऐकतोयवालं, की होवालं?"

"होवालं."

पुढे चढ लागला. स्कूटर कण्हू लागली.

"आणि गेला असतात खरंच, तर माझी आठवण आली असती का हो?"

मागून त्याने तिच्या खांद्याला कपाळ टेकलं.

"थोडीफार," पार्तोनो म्हणाला.

मेला, सतरा वर्षांत बदलला नाही. तियूर्माने एक हात मागे नेऊन त्याचा तेलकट हात घट्ट धरला आणि उरलेल्या एका हाताने चढ काढला.