टाकीतला सुस्कारा

खिळ्याला अडकवलेल्या किल्ल्या खणखणल्या. घर अजून गाढ झोपेत होतं. तिनं कूस बदलून पाहिलं, तर लेक स्टुलावर चढून, टाचा उंचावून गाडीची किल्ली काढत होती.

"अगं, पडशील! काय चाललंय?"

"बाबांना भेटायला जाऊया ना. काल तू टाकी उघडलीच नाहीस."

तिचा नवरा वारला होता, आणि हल्ली त्या घरात बाबांना भेटायचं म्हणजे गाडीच्या टाकीचं झाकण उघडायचं, असं होऊन बसलं होतं. ही सगळी करामत मोटारमहाराजांची.

महाराजांचा दरबार गावाबाहेरच्या पटांगणात भरे. टेम्पो, टॅक्सी, रिक्षा, सगळ्यांची रांग. एकदा तर एक डॉक्टर कोट सांभाळत, घामाघूम होऊन आपली गाडी ढकलत आले होते. महाराज नाडी बघितल्यासारखा बॉनेटवर हात ठेवत, डोळे मिटत आणि सांगत, "हिच्यात कुणीतरी बसलंय." जुन्या गाडीत कुणी ना कुणी बसून गेलेलंच असतं, त्यामुळे निदान चुकायचा प्रश्नच नव्हता.

तिची गाडी नवऱ्याच्या हातची, जुनी. तो गेल्यावर ती तिच्यातून शाळेची मुलं ने-आण करू लागली आणि घर त्यावर तगलं. सुनेवर, नातवंडांवर काही संकट नको म्हणून सासूबाईंनी गाडीला महाराजांचं 'रक्षण' घेतलं. महाराजांनी टाकीच्या झाकणावर मधोमध काळ्या मेणाची मोहोर दाबून बसवली. आणि त्याच आठवड्यात गाडीला नवाच रोग जडला. सुरू व्हायची झकास, थोडं अंतर जायची, आचके द्यायची आणि गप्प. मेकॅनिकनं प्लग बदलले, कार्बोरेटर साफ केला, गॅरेजमध्येच जरा वेळ चालवून पाहिली आणि म्हणाला, "ठणठणीत आहे, ताई."

महाराजांनी मात्र लगेच ओळखलं. "तुझा नवरा आहे आत. त्याचा पाय निघत नाही." त्यांनी झाकण फिरवलं.

स्सस्स...

टाकीतून लांबलचक सुस्कारा आला. गर्दीच्या अंगावर काटा आला. सासूबाई मटकन खाली बसल्या. "माझं लेकरू गं!" आणि किल्ली फिरवताच गाडी सुरू!

"पण महाराज, टाकी पूर्ण भरली की जास्तच लवकर बंद पडते," ती म्हणाली.

"पोटभर जेवलं की माणसाला डुलकी लागतेच, पोरी." गर्दीनं माना डोलावल्या. "त्याला मोकळं करायचं तर गाडी इथंच सोडावी लागेल. रविवारी घेऊन ये."

आधी सोडलेल्या गाड्या मागच्या शेडमधून कुठं जातात, हे विचारायची छाती कुणाची नव्हती.

गाडी गेली तर खायचं काय? आणि ठेवली तर शाळेची मुलं रोज रस्त्यात अडकणार. एका आईनं बजावलंच होतं, "वाईट वाटून घेऊ नका, पण आम्हाला दुसरी सोय बघावी लागेल."

शनिवारी गाडी चढावावर मेली. मागून ट्रक कोकलत होता, मागच्या सीटवर मुलं रडकुंडीला आली होती. तिनं उतरून झाकण उघडलं. स्सस्स... लेक खिडकीतून ओरडली, "बाबा, चला ना! उशीर होतोय!"

पुढच्या सीटवर तिच्या तान्ह्या मुलानंही भोकाड पसरलं. बाटली तोंडात होती, पण ओढून ओढून निपल चपटं झालेलं, दूध येईना. तिनं सवयीनं बाटलीचं झाकण किंचित सैल केलं.

स्सस्स... आणि दुधात बुडबुडे. पोरगं चुटुचुटु प्यायला लागलं.

ती तशीच उभी राहिली. तोच आवाज! अगदी तोच.

तिनं टाकीचं झाकण उलटंपालटं करून पाहिलं. मोहोरेखाली बारीकसं छिद्र असणार. तिनं केसातली पिन काढली, आणि हात थबकला. मेण निघालं की तो सुस्काराही जाणार. किती दिवसांनी नवऱ्याचं काहीतरी ऐकू येत होतं! मागून ट्रकनं पुन्हा भोंगा वाजवला. तिनं पिन खुपसली.

गाडी शाळेपर्यंत गेली आणि परतही आली. संध्याकाळी टाकी काठोकाठ भरून तिनं दूरवर चक्कर मारली. गाडी एकदाही अडखळली नाही. झाकण उघडलं, तर आत शांत.

सासूबाईंनी खरवडलेलं झाकण पाहिलं. "तू माझ्या मुलाला पुन्हा मारलंस," एवढंच म्हणाल्या.

तरी रविवारी त्या सोबत आल्या. गाडी ऐटीत पटांगणात शिरलेली पाहून महाराज गरजले, "बघा! सुटला आत्मा! आमची कृपा!"

"मग पुन्हा मोहोर लावा, महाराज. आणि हीच गाडी चालवून दाखवा."

"पोरी, जीभ आवर! शाप लागेल!"

"शाप नाही, हवा लागते. टाकीला." तिनं तान्ह्याची दुधाची बाटली उंच धरली. "पेट्रोल बाहेर गेलं की त्याच्या जागी हवा आत जावी लागते. छिद्र बुजवलं की आत पोकळी होते, पेट्रोल अडतं, गाडी बंद. टाकी भरलेली असली की हवा थोडी, म्हणून लवकर बंद. झाकण उघडलं की हवा आत धावते. तोच सुस्कारा. आधी हे मोहोर लावतात, मग रोग होतो, मग हेच बरा करतात. मोहोर नाही अशी एक तरी गाडी अशी बंद पडलीय का?"

माना आपापल्या गाड्यांकडे वळल्या. मग एक टॅक्सीवाला म्हणाला, "आयला, माझ्या गाडीत तर आजोबा सांगितलेत. ते कधी गाडीत बसलेच नव्हते!" आणि खिशातली तार काढून मेण उकरायला लागला. डॉक्टर मान खाली घालून किल्लीनं खरवडत होते.

"दुःखात माणूस काहीही ऐकतो," ती म्हणाली. "मीही ऐकलं. पण जो आपल्या माणसाच्या नावानं हात पुढं करतो, त्याला आधी मोहोर काढून दाखवायला सांगा. विचारायला लाजू नका."

तेवढ्यात लेकीनं तिचा पदर ओढला.

"म्हणजे बाबा टाकीत नव्हतेच?"

"नाही, राणी."

सासूबाईंनीही वळून पाहिलं.

"मग कुठंयत?"