स्वयंपाकघरातून थेट

बीदर जिल्ह्यातल्या राजेश्वर गावात बळीराम कंडक्टर म्हटलं की लोकांना दोन गोष्टी आठवायच्या. एक म्हणजे भरलेल्या गाडीत आणखी दहा माणसं बसवायची त्यांची हातोटी, आणि दुसरी म्हणजे त्यांचा आवाज. बीदर डेपोत चौतीस वर्षं नोकरी करताना सुट्टीच्या दिवशी ते गायन पार्टी घेऊन गावोगाव जायचे. पेटी त्यांची, गाणी त्यांची, आणि प्रत्येक गाण्याच्या शेवटच्या कडव्यात नावही त्यांचंच. पुढं पार्टी पांगली. ढोलकीवाला पुण्यात वॉचमन झाला, कोरसमधले दोघं बांधकामावर हैदराबादला गेले ते तिकडचेच झाले. बळीराम रिटायर झाले आणि पेटीवर त्यांच्या बायकोनं, पार्वतीबाईंनी, वाळवणाची परात ठेवायला सुरुवात केली.

त्यांची मुलगी प्रेरणा बेंगळुरूला कंपनीत होती. दोन हजार अकराच्या एप्रिलात तिचा फोन आला. तिकडं बीदर-गुलबर्ग्याकडची पोरं मिळून बाबासाहेबांच्या जयंतीचा कार्यक्रम करणार होती. रविवारी चार वाजता, हॉल घेऊन, दोनशे माणसं. अप्पांनी यावं आणि गावं, असं सगळ्यांचं म्हणणं होतं.

बळीरामांनी एका दमात नाही म्हणून सांगितलं. आयुष्यभर बसमध्ये उभं राहिल्यावर आता चौदा-पंधरा तास बसून जाण्याची त्यांची तयारी नव्हती. प्रेरणा हसली. मग घरूनच गा, म्हणाली. मागच्या वर्षी तिनं आणून ठेवलेला कम्प्युटर नुसता झाकून पडला होता. त्याला कॅमेरा लावायचा, माइक लावायचा, इकडं अप्पा गातील आणि तिकडं पडद्यावर दिसतील.

बळीरामांना हे एकदम पटलं. दुसऱ्याच दिवशी सामान आणायला ते बीदरला निघाले.

"कशानं जायलाव?" पार्वतीबाईंनी विचारलं.

"बसनं."

"मंग बस चालती म्हना की तुमाला," असं म्हणून त्या भाकरी थापायला बसल्या.

संध्याकाळी बळीराम पिशवीभर सामान घेऊन आले. मॉनिटरला चिमट्यासारखा बसणारा कॅमेरा, उभा राहणारा माइक, इंटरनेटचं बोटाएवढं डोंगल, आणि ते लांब ठेवता यावं म्हणून एक वायर. जोडून द्यायला बसस्टँडजवळच्या झेरॉक्सवाल्या वीरण्णाला बोलावलं. वीरण्णा कानडी माणूस, पण मराठी सफाईदार बोलायचा. त्यानं पुढच्या खोलीत सगळं मांडलं, सगळं सुरू झालं, फक्त इंटरनेट आलं नाही.

मग घरभर शोध सुरू झाला. वीरण्णा डोंगल हातात धरून पुढं, मागं वायर सांभाळत बळीराम, आणि त्यांच्या मागं, आपल्या घरात नेमकं काय हरवलंय ते बघायला, पार्वतीबाई. पुढच्या खोलीत सिग्नलची एक दांडी दिसली. अंगणात दोन. बाजेवर चढल्यावर तीन, पण बाजेवर कम्प्युटर राहीना. शेवटी स्वयंपाकघराच्या मागच्या खिडकीशी, जिथून बसवकल्याण रोडचा टॉवर दिसतो, तिथं पाचही दांड्या आल्या.

वीरण्णानं अपराध्यासारखं पार्वतीबाईंकडं पाहिलं. "अक्का, इथंच करावं लागतंय बघा."

पार्वतीबाईंनी आधी स्टोव्ह बंद केला. मग आपल्या अटी सांगितल्या. स्टोव्ह ओसरीत जाईल, पण स्वयंपाक तिथं उकिडवं बसून कुणी करायचा ते बळीरामांनी ठरवावं. पिठाचा डबा जागचा हलणार नाही. आणि गायचं झाल्यावर मांडणीतली भांडी ज्यानं काढली त्यानंच पुन्हा लावायची. बळीरामांनी सगळं कबूल केलं. पुढचे तीन दिवस राजेश्वरातले लोक येता-जाता पाहत होते की बळीराम कंडक्टर ओसरीत बसून वरण फोडणीला टाकतायत आणि बायको दारात उभी राहून मोहरी करपायली म्हणून सांगतेय.

तयारी सोपी नव्हती. अर्ध्या रिकाम्या झालेल्या खोलीत आवाज घुमायला लागला, म्हणून भिंतींना गोधड्या टांगल्या. मांडणीत उरलेलं एक स्टीलचं झाकण पेटीच्या एका सुराला हमखास किणकिणायचं. कुठलं ते सापडेना. बळीराम तोच सूर धरून बसायचे आणि पार्वतीबाई एकेका झाकणावर बोट ठेवत जायच्या. शेवटी ते चहाच्या पातेल्यावरचं निघालं. पंखा लावला की माइकमध्ये वावटळ आल्यासारखं ऐकू यायचं, म्हणून पंखा बंद. एप्रिलचं ऊन, तिन्ही बाजूंनी गोधड्या आणि पंखा बंद. घाम पुसता पुसता बळीरामांनी पेटीचा भाता मारला की पार्वतीबाई म्हणायच्या, तेवढीच हवा घ्या.

बळीरामांच्या पाठीमागच्या भिंतीवर मात्र गोधडी नव्हती. तिथं चुना मारून बुद्धांची आणि बाबासाहेबांची तसबीर लावली होती. कॅमेऱ्यात तेवढंच दिसायचं, तसबिरी आणि पांढऱ्या कोटातले बळीराम. कोपऱ्यातला पिठाचा डबा, दोरीवरचे कपडे, वायरींचं जंजाळ, यातलं काही दिसू नये याची बळीरामांनी इंच इंच मोजून काळजी घेतली होती. पार्वतीबाईंनीही त्या चौकटीत येऊ नये, असं त्यांनी जरा आडूनच सुचवलं.

"म्हंजे मी पिठाच्या डब्यात मोडते," पार्वतीबाई म्हणाल्या.

शनिवारी प्रेरणानं तिकडून रंगीत तालीम घेतली. आवाज छान येत होता, पण अप्पा सारखे खाली बघतायत, अशी तिची तक्रार होती. बळीराम पडद्यावर लेकीकडं बघून गात होते आणि कॅमेरा होता वर. कॅमेऱ्याकडं बघा म्हटलं की दोन ओळी बघायचे आणि नजर पुन्हा खाली. पार्वतीबाईंनी हे थोडा वेळ पाहिलं. मग कपाळावरची टिकली काढून कॅमेऱ्याच्या डोळ्याच्या वर चिकटवली.

"हितं बघा," त्या म्हणाल्या. "इतकी वर्षं बघायलाव, जमंल."

पलीकडून प्रेरणा हसत सुटली. बळीरामांचे कान लाल झाले, पण नजर जागेवर राहिली.

रविवारी साडेतीनलाच वारा सुटला. डोंगल खिडकीच्या गजाला नाडीनं बांधलं होतं, ते वाऱ्यानं फिरायला लागलं आणि दांड्या पाचावरून दोनावर आल्या. वीरण्णानं ते दोनदा बांधून पाहिलं, तरी बसेना. हातात धरून गजाबाहेर काढलं की ठीक चालायचं. त्याला दुकान उघडायचं होतं. तो गेला आणि डोंगल पार्वतीबाईंच्या हातात आलं. पिठाच्या डब्याशेजारी उभं राहून, हात खिडकीबाहेर काढून त्यांनी ते वर धरलं. चार वाजता कार्यक्रम सुरू झाला.

पहिली दोन गाणी उत्तम झाली. फक्त तिकडच्या टाळ्या इकडं पाच-सहा सेकंद उशिरा यायच्या. पहिलं गाणं संपल्यावर शांतता पसरली तेव्हा बळीरामांचा चेहरा एवढासा झाला, आणि मग एकदम टाळ्यांचा पाऊस पडला. दुसऱ्या वेळी ते शहाणे झाले आणि आरामात घाम पुसत टाळ्यांची वाट बघत बसले.

तिसऱ्या गाण्याला प्रेरणानं फर्माईश केली, अप्पा, पाटीचं गाणं. ती पहिलीत गेली त्या वर्षीचं ते गाणं. पार्टीचं सगळ्यात गाजलेलं. बळीरामांनी सूर धरला.

लेक चालली शाळेला, हाती पाटी दगडाची,
माय पुसते पदरानं धूळ तिच्या पायाची.

दुसरं कडवं झालं. तिसऱ्याला बळीराम अडले. पूर्वी अडले की कोरस मागची ओळ घोळवायचा आणि तेवढ्यात त्यांना आठवायचं. आता कोरस नव्हता. ते पेटी वाजवत राहिले, डोळे मिटले, उघडले. ओळ येईना. आणि खिडकीकडून, हात तसाच बाहेर ठेवून, पार्वतीबाईंनी ती उचलली.

लेक आली शाळेतून, मला अक्षर दावती,
चुलीपाशी राखेमधी बोट माझं फिरवती.

त्यांचा आवाज बळीरामांसारखा भरदार नव्हता. बारीक होता, पण सुरात पक्का. बळीरामांनी मान हलवली, पुढची ओळ धरली आणि नेहमीच्या ठसक्यात शेवटच्या कडव्यावर आले.

सांगे बळीराम सयांना, पाटी घरात आणावी,
लेक शिकता शिकता माय बी ती शिकवावी.

टाळ्या यायच्या त्या वेळेला आल्या. त्यांच्यामागून प्रेरणाचा आवाज आला. ती हसत होती. "अप्पा, एक इचारू? तुमच्या सया कोन?"

हॉलमध्ये हशा पिकला. इतकी वर्षं इतक्या गावांत हे गाणं झालं, पण मिशीवाला माणूस सयांना, म्हणजे मैत्रिणींना, काय सांगतोय आणि चुलीपाशी राखेत बोट कुणाचं फिरतंय, हे कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. बळीरामही हसायला लागले, आणि मधेच थांबले. त्यांनी खिडकीकडं पाहिलं. पार्वतीबाई बाहेर टॉवरकडं बघत होत्या.

खरी गोष्ट अशी होती की ते गाणं पार्वतीबाईंनी तुरीत खुरपताना केलं होतं. घरी येऊन त्यांनी ते नवऱ्याला म्हणून दाखवलं. त्यानं पार्टीत घेतलं, आणि शेवटी पार्टीच्या माणसाचं नाव लागतं म्हणून आपलं लावलं. पहिल्या वर्षी त्याला ते थोडं टोचलं होतं. नंतर टाळ्यांची सवय झाली. पार्वतीबाईंनी ते कधी बोलून दाखवलं नव्हतं.

बळीरामांनी भाता बंद केला. "सया माझ्या न्हाईत," ते कॅमेऱ्याकडं बघून म्हणाले. "हिच्या हायत. गानं हिचं हाय. मी नाव तेवढं माझं घातलं."

पलीकडं हे पोचायला पाच सेकंद लागले. ते पाच सेकंद बळीरामांना चौतीस वर्षांच्या नोकरीपेक्षा मोठे वाटले. मग पडद्यावर प्रेरणानं तोंडावर हात ठेवलेला दिसला, आणि मागून बायकांचे आवाज यायला लागले की त्यांना समोर आणा.

बळीरामांनी बायकोला ये म्हणून खूण केली.

"मी आले तर नेट जातंय," म्हणून पार्वतीबाई हलल्या नाहीत.

हे खरंच होतं. बळीराम उठले, खिडकीशी गेले, बायकोच्या हातातून डोंगल घेतलं आणि हात बाहेर काढून तसाच वर धरला. चित्र मधे एकदा गोठलं, पुन्हा आलं. पार्वतीबाईंनी पदर सारखा केला. घरातल्या जुन्या लुगड्यात होत्या, हात खिडकीच्या धुळीनं भरले होते. पेटी त्यांना येत नव्हती. त्या तशाच बसल्या आणि आपल्या बारीक आवाजात पहिल्यापासून म्हणायला लागल्या. खिडकीतून बळीराम मागची ओळ घोळवत होते. आयुष्यात पहिल्यांदाच ते कोरसमध्ये होते.

मग शेवटचं कडवं आलं.

सांगे पार्वती सयांना, पाटी घरात आणावी...

चालीत ते इतकं नेमकं बसलं, की आपण इतकी वर्षं बळीराम हा शब्द त्या जागेत कसा कोंबत होतो, ते बळीरामांना तेव्हा कळलं. भरलेल्या गाडीत माणूस बसवावा तसा. तिकडं लोक उभे राहिले होते. कुणीतरी कॅमेऱ्यासमोर येऊन आपण मुडबी गावचे म्हणून सांगत होतं, आणि आपली आई हे गाणं जात्यावर म्हणते, म्हणत होतं. पार्वतीबाईंनी त्याला त्याच्या आईचं नाव विचारलं आणि दोघं गाणं सोडून पाहुण्यारावळ्यांवर घसरले. बळीरामांचा हात भरून आला, पण त्यांनी तो खाली घेतला नाही.

रात्री प्रेरणाचा साधा फोन आला. ती आईशी बोलली. इतकी वर्षं काही बोलली कामून न्हाईस, असं तिनं विचारलं असावं, कारण पार्वतीबाई म्हणाल्या, "तुजा बाप गात होता की. मला ऐकू येत होतं." आणि मग लेक नीट जेवली का ते विचारलं.

दुसऱ्या दिवशी बळीरामांनी ठरल्याप्रमाणे मांडणी लावली, गोधड्या उतरवल्या, स्टोव्ह आत आणला. कार्यक्रमाचं ऐकून हैदराबादच्या एका मंडळाचा निरोप वीरण्णाच्या दुकानावर आला होता, पुढच्या महिन्यात बाईंचं गाणं ठेवता येईल का म्हणून. पार्वतीबाईंनी बघू म्हटलं. बळीराम गाण्यांची जुनी वही घेऊन बसले आणि पाटीच्या गाण्याखालचं आपलं नाव खोडून त्यांनी सुवाच्य अक्षरात बायकोचं नाव घातलं. ते दाखवायला वही पुढं केली.

पार्वतीबाईंनी बोट फिरवत नाव वाचलं. मग वही चाळत दोन पानं मागं गेल्या, थोड्या पुढं आल्या, आणि मिटून परत दिली.

"अजून दोन हायत," त्या म्हणाल्या.

बळीरामांनी मान वर केली. "कोनती?"

"आटवा," असं म्हणून त्या चहा टाकायला उठल्या, आणि बळीराम वही उघडून पहिल्या पानापासून एकेक गाणं हलक्या आवाजात म्हणून बघायला लागले.